सणाआधीचा हिशेब – ५ : पिशवी लिटरची, कढई किलोची

या आठवड्यात भिशीवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागतंय, कारण मंठा तालुक्यातून आलेलं एक पत्र बाजूला सारण्यासारखं नाही. पत्र लिहिणाऱ्या बाई दिवाळीत चकली-शेवेच्या ऑर्डरी घेतात. गेल्या वर्षी त्यांनी दहा पिशव्या तेल आणलं. दहा किलो धरूनच पिठाचा आणि भावाचा हिशेब मांडला. शेवटच्या दोन घाण्यांना तेल कमी पडलं. पिशव्या कुठे फुटल्या नव्हत्या, सांडलवंडही झाली नव्हती. मग त्यांनी एक भरलेली पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली, तेव्हा वजन किलोला चांगलंच कमी भरलं. ‘यात फसवणूक झाली की माझंच चुकलं?’ असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

पिशवीवर ‘१ लिटर’ छापलेलं असेल तर फसवणूक नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे एक लिटर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. दहा पिशव्यांत सुमारे ९०० ग्रॅम तेल कमी आलं, तेच शेवटच्या दोन घाण्यांना पुरलं नाही. घरात तेल लिटरने येतं आणि फराळाचं प्रमाण किलोने चालतं. पीठ किलोने, डाळ किलोने, ऑर्डर किलोने, एकटं तेलच मापाने. हा फरक दर दिवाळीला हजारो स्वयंपाकघरांत नकळत सोसला जातो.

यात आणखी एक बारकावा होता, आणि तो मात्र नीट हेतूचा नव्हता. तापलं की तेल फुगतं, म्हणजे तेवढ्याच लिटरात वजन कमी बसतं. काही कंपन्या पिशवीवर लिटरच्या आकड्यापुढे तापमान छापू लागल्या आणि ते तापमान थेट ६० अंशांपर्यंत चढलं. २१ अंशांना एक लिटर सोयाबीन तेल ९१९.१ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. एका पिशवीमागे साडेसव्वीस ग्रॅम. घरी हे फार तर दोन चमचे, पण लाखो पिशव्या भरणाऱ्याला ते टँकरने मोजता येतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरसोबत खरं वजनही छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. म्हणून आज पिशवीवर लिटरच्या शेजारी ग्रॅमचा आकडा असतो. दिवाळीची यादी करताना तोच आकडा धरावा, लिटर विसरून जावा.

पण गोष्ट लिटरवर थांबत नाही. पूर्वी तेल, चहा, मीठ, डाळी, बिस्किटं, धुण्याची पावडर अशा १९ प्रकारच्या मालाची पाकिटं ठरलेल्या वजनात किंवा मापातच विकावी लागत. तेल पाव किलो, अर्धा किलो, एक किलो, दोन किलो. मधलं काही चालत नसे. ते बंधन २०२२ मध्ये उठलं. त्यानंतर दुकानाच्या फळीवर ८५० ग्रॅमची पिशवी आली, ८०० ग्रॅमची आली, ७५० ग्रॅमचीही आली. उंची तीच, रुंदी जवळजवळ तीच, वरचं फुलाचं चित्रही तेच. गिऱ्हाईक दुकानात ‘एक पुडा तेल द्या’ म्हणतं आणि दुकानदार एक पुडा देतो. दोघांपैकी कोणीच खोटं बोललेलं नसतं.

बंधन उठवताना सरकारने त्याच्या बदल्यात गिऱ्हाइकाच्या हाती एक साधन दिलं. पाकिटावर एकूण किमतीसोबत ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं, तो दर छापायचा. जानेवारी २०२४ पासून ते सक्तीचं आहे. एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर दर ग्रॅममागे, जास्त असेल तर किलोमागे. कल्पना उत्तम आहे. पण पाकीट हातात घेऊन पाहिलं की दोन अडचणी दिसतात.

पहिली अडचण पैशाखालच्या आकड्यांची. ग्रॅमचा दर रुपयात, दशांशानंतर दोनच आकड्यांपर्यंत छापतात. समजा, ७५० ग्रॅमच्या पिशवीची छापील किंमत १२३ रुपये आहे आणि ८५० ग्रॅमच्या पिशवीची १३२ रुपये. पहिलीचा दर किलोला १६४ रुपये पडतो, दुसरीचा १५५ रुपये ३० पैशांच्या आसपास. ग्रॅमवर आणून दोन आकड्यांत बसवलं की दोन्ही पिशव्यांवर छापून येतं ०.१६. किलोमागे जवळपास नऊ रुपयांचा फरक आणि बारीक अक्षरात दोघी सारख्याच! नियमाप्रमाणे हे बिनचूक आहे, पण फळीपुढे उभ्या असलेल्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नाही. हा दर किलोमागेच छापला, तर पाचवी शिकलेल्या माणसालाही क्षणात कळेल. हा बदल करायला सरकारला एक पैसाही लागणार नाही, तो व्हायलाच हवा.

दुसरी अडचण मोंढ्यात रोज दिसते. तेलावरची छापील किंमत आणि विकायची किंमत यांत बरंच अंतर असतं. जालन्याच्या मोंढ्यात काय किंवा परतूरच्या पेठेत काय, तेल छापील भावाने सहसा कोणी घेत नाही. छापील दर मात्र छापील किमतीवरूनच काढलेला असतो. त्यामुळे पिशवीवर स्वस्त दिसणारं तेल गल्ल्यावर महाग ठरू शकतं.

यावर डोक्यातल्या डोक्यात करता येणारी रीत अशी : दोन पिशव्यांमधला फरक तेवढा बघायचा. वरच्या उदाहरणात १०० ग्रॅम तेल जास्त मिळतंय आणि त्यासाठी नऊ रुपये जास्त द्यावे लागताहेत. तेल शंभर ग्रॅमला सोळा रुपयांच्या घरात असताना नऊ रुपयांत शंभर ग्रॅम मिळत असेल, तर मोठी पिशवी डोळे झाकून घ्यावी. पण दुकानदार लहान पिशवी १०५ ला आणि मोठी १२३ ला देत असेल, तर वरच्या शंभर ग्रॅमला १८ रुपये पडतात. मग लहानच बरी. भागाकार नको, कॅल्क्युलेटर नको, एक वजाबाकी पुरते. चहा, रवा, मैदा, साबण, सगळ्याला हीच रीत लागू पडते. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच असतं हा समज सणाच्या दिवसांत फार महागात जातो. ‘दिवाळी धमाका’ लिहिलेल्या मोठ्या पाकिटावर ही वजाबाकी एकदा तरी करून पाहावी.

डब्याची तऱ्हा आणखी वेगळी. ऑर्डरी घेणाऱ्या बायका हमखास डबा घेतात, कारण तो स्वस्त पडतो. पण बाजारात १५ किलोचा डबा असतो आणि १५ लिटरचाही असतो. १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे एक किलो ३५० ग्रॅम कमी. किलोला १५० रुपये भाव धरला तर दोनशे रुपयांचा फरक. दोन डब्यांच्या किमतीत शंभर रुपयांचं अंतर असलं की लिटरचा डबा ‘स्वस्त’ म्हणून उचलला जातो. डबा दुकानातून हलवण्याआधी त्यावरचं निव्वळ वजन वाचायला एक मिनिटही लागत नाही.

पंधरा किलो तेल एका घराला जड जातं, हे खरं. त्यावर मराठी माणसांनी पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर शोधलेलं आहे. १९७२ चा दुष्काळ, त्यामागून आलेली टंचाई आणि महागाई मराठवाड्याने अंगावर घेतली. मुंबईत त्या वर्षांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिने निषेधाच्या जोडीला रोजच्या कामाची पद्धत घालून दिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक भावात घेतलेला, निवडलेला, एका घरी उतरायचा आणि संघातल्याच लोकांनी तो वाटून घ्यायचा. यातला भावाचा फायदा सगळ्यांना चटकन दिसतो. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. यादी आठवडे आधी लिहावी लागत असल्याने दुकानात गेल्यावर दिसलं म्हणून घेतलं, हा प्रकारच उरत नाही. सणाच्या खर्चाला खरी फोडणी तिथेच बसते. जालना जिल्ह्यात गावोगाव बचत गट आहेत, महिन्याला बैठका होतात, वह्या लिहिल्या जातात. दसऱ्याआधीच्या बैठकीत दहाजणींनी फराळाच्या सामानाची एकच यादी केली, तर नवीन संस्था काढायचीही गरज नाही.

तेलाचाच विषय निघाला आहे तर तळणीच्या क्रमाबद्दलही सांगायला हवं. मैद्याचे पदार्थ आधी तळावेत : शंकरपाळे, मग करंज्या. त्यांनी तेल फारसं मळत नाही. शेव-चकली नंतर, कारण पिठाचे बारीक कण सुटून तळाशी जळतात. अनारसे सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या लहान कढईत. त्यांची खसखस आणि गूळ तेलात उतरला की त्या तेलाचं पुढे काही होत नाही. प्रत्येक पदार्थानंतर तेल निवू देऊन फडक्यातून गाळावं. क्रम उलटा झाला तर चांगलं किलोभर तेल काळं पडून फेकावं लागतं. आणि काळं पडलेलं, फेसाळणारं तेल काटकसर म्हणून महिनाभर भाजीला वापरणं ही काटकसर नव्हेच. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक वाढतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून त्यावर मर्यादाही घातली आहे.

आता या पिशवीच्या दुसऱ्या टोकाकडे यायला हवं. जालन्यात तेल विकत घेणाऱ्या अनेक घरांतूनच सोयाबीन मोंढ्यात जातं. घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, कुठल्याही शिवारात जा, दसरा-दिवाळीच्या मधे खळ्यावर सोयाबीनच असतं. कापसाची वेचणी नुकती लागलेली असते, तुरीला अवकाश असतो, म्हणून सणाचा पैसा सोयाबीनमधूनच काढायचा. एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं, बाकीचा मुख्यतः पेंडेचा भाग. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर सगळं धरून ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेला. सोयाबीनला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू. त्या दिवाळीला तेलाची पिशवी महागली. सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. पिशवीच्या दोन्ही टोकांना तेच घर उभं होतं आणि दोन्हीकडून त्याचंच गेलं.

हमीभाव पुढच्या हंगामाला ५,३२८ रुपये झाला. पण खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट बारा टक्क्यांची असते, आणि मळून थेट ट्रॉलीत भरलेलं सोयाबीन त्या अटीत क्वचितच बसतं. २०२४ च्या नोव्हेंबरात ती अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती. ओला माल मोंढ्यात आला की हर्रासीत भाव खाली येतो. हेच सोयाबीन चार-सहा दिवस ताडपत्रीवर पसरून ठेवता आलं तर चित्र बदलतं. ठेवता येत नाही, कारण कपड्यांची, मोबाइलच्या हप्त्याची, पाहुण्यांची तारीख ठरलेली असते. सणाच्या खरेदीची खरी किंमत काढताना दुकानाच्या बिलात ही घाईची तूटसुद्धा मिळवायला हवी. पाच हजारांच्या खरेदीसाठी दहा क्विंटल माल क्विंटलमागे दोनशे रुपये कमी घेऊन घाईत विकला असेल, तर ती खरेदी सात हजारांची झाली.

यावर एक जुनी, फारशी न वापरली जाणारी सोय आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. माल समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती घ्यायची, व्याज सहा टक्के, मुदत १८० दिवस. समजा, बाजारभाव ४,२०० आहे आणि दहा क्विंटल ठेवले : ४२ हजारांचा माल, हाती ३१,५०० रुपये. तीन महिन्यांचं व्याज ४७२ रुपये ५० पैसे, म्हणजे क्विंटलला सत्तेचाळीस रुपये. तेवढ्यात भाव पन्नास रुपयांनी चढला तरी व्याज भरून निघतं. भाव पडण्याचा धोकाही आहे, त्यामुळे सगळाच माल न ठेवता सणापुरता विकून उरलेला ठेवणं शहाणपणाचं. ही सोय फक्त शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाला मिळते, व्यापाऱ्याचा माल तारण म्हणून घेतला जात नाही. सातबारावर पिकाची नोंद लागते, माल वाळलेला आणि स्वच्छ हवा. आपल्या बाजार समितीत योजना या हंगामात चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे मळणी यंत्र शेतात येण्याआधीच सचिवांना जाऊन विचारावं. दिवाळी आठ दिवसांवर आल्यावर विचारायला गेलेल्याच्या ट्रॉलीत सोयाबीन आधीच भरलेलं असतं.