लाकडी होडीचे वर्ष आणि तिचे शब्द

लाकडी होडीचे शत्रू दोन: खाऱ्या पाण्यातला किडा आणि गोड्या पाण्याने येणारी कूज. हा किडा दिसतो अळीसारखा, पण तो शिंपल्याच्या कुळातला. बाहेरून फळी धड दिसत असतानाच तो आतून तिची चाळण करतो. कूज बुरशीमुळे होते आणि साठलेल्या पावसाच्या पाण्यात फोफावते. खारे पाणी कुजीला आवरते, पण किड्याला पोसते. गोडे पाणी किड्याला मारते, पण कूज वाढवते. होडीची वर्षभराची निगा या पेचातून ठरते. शापोरा नदीच्या मुखाजवळ आमची वडिलार्जित होडी आहे. तिच्या आधाराने ही निगा सांगतो.

आरंभ आगोटीपासून करू. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात पाणी उंच चढते, तेव्हा होडी वर घ्यावी. भांगाच्या दिवसांत पाणी तेवढे चढत नाही आणि सगळा भार माणसांच्या खांद्यांवर येतो. तळ खरवडून होडी ओंडक्यांवर ठेवावी, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही आणि आत शिरलेला किडाही सुकून मरतो. वर झावळ्यांचे छप्पर करावे. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तर आतली वाफ कोंडते आणि पाऊस बाहेर राहूनही लाकूड कुजते.

श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, डागडुजी होते. आमच्या होडीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो आणि भोवतालचे लाकूडही खातो. काथ्या झिजला तर तेवढाच टाका बदलता येतो. सांध्यांत कापूस व राळ भरून बाहेरून काजूच्या टरफलांचे तेल लावतात. मात्र सुकलेल्या होडीचे सांधे गच्च ठासू नयेत. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, सांधे आपसूक मिटतात. फुगायला जागा उरली नाही तर फळ्या एकमेकींना रेटतात आणि टाके तुटतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस होडी थोडी गळली तरी घाबरू नये, पाणी उपसत राहावे.

त्यानंतरचे महिने सुखाचे. सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतावे. भूगोलाच्या पुस्तकातले हे दोन वारे अंगाला लागले की विसरत नाहीत. वैशाखात ऊन पाण्यावरच्या फळ्यांना तडे पाडते, तेव्हा त्यांवर सकाळ-संध्याकाळ खारे पाणी शिंपडावे.

आता शब्दांकडे वळू. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, तळाच्या कण्याला पठाण, फासळ्यांना वाक. यांतले काही शब्द विद्यार्थ्यांना माहीत असतात, पण वेगळ्याच अर्थाने. भांग म्हणजे त्यांना केसांतला, पठाण म्हणजे माणूस. अशा वाचकाच्या हाती आरमाराविषयीचे जुने मराठी लेखन अर्धेच लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठीही रयतेचे आंबे-फणस बळाने तोडू नयेत, अशी ताकीद आहे, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे तिचे कारण. होडीची एक फळी बदलायला किती जुने झाड लागते, हे पाहिलेल्याला त्या ताकदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

फायबरची होडी हलकी असते, तिला राळ लागत नाही, टाकाही लागत नाही. मासेमाराने ती घेतली तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण आमची होडी शिवणारे मेस्त सत्तरी ओलांडून गेले आहेत आणि त्यांच्या हाताखाली कोणी नाही. कोशात शब्दाचा अर्थ मिळेल; टाका किती ओढायचा, हे तिथे मिळणार नाही. म्हणून शिक्षकांना विनंती, की श्रावणातल्या एका दिवशी मुलांना जवळच्या होडीपाशी न्यावे, प्रत्येक भागाचे नाव कारागिराच्याच तोंडून ऐकवावे आणि त्या नावाशेजारी त्याचे कामही लिहून घ्यावे.