टोकावड्याच्या पुढे घाट आहे
कल्याणहून सायकलींचा जथा निघाला की मुरबाड, सरळगाव मागे टाकत टोकावड्यापर्यंत सगळेच शूर असतात. खरी परीक्षा पुढे, माळशेज घाटात. म्हणून ६-८ आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा तरी सायकल चालवावी; रविवारची लांब फेरी दर वेळी साधारण १० टक्क्यांनीच वाढवावी. पायांआधी बूड तक्रार करतं, त्यालाही खोगिराची सवय लागते. भूक लागण्याआधीच केळं, चिक्की खावी. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी पुरत नाही. मनाची तयारी त्याहून अवघड: चढावर कुणी पुढे गेला तरी आपला वेग न सोडणं, खड्डा दिसताच मागच्याला हाताने खूण करणं, मागे पडलेल्यासाठी तोंड वाकडं न करता थांबणं. टोकावड्याला चहा जरूर घ्यावा. वडापाव मात्र एकच.