बैलांची फोर्ड आणि पळसाचं पान

एकेकाळी वर्ध्यात एक अजब वाहन होतं. उद्योगपती जमनालाल बजाज यांच्याकडची फोर्ड मोटार, पण ओढायला बैलजोडी. बैल म्हणजे ऑक्स आणि गाडी फोर्ड, म्हणून थट्टेत तिचं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’. किस्सा ऐकून लोक हसतात आणि पुढे जातात. गॅरेजवाला मात्र तिथे थांबेल. बैलच जुंपायचे तर साधी दमणी काय वाईट होती? पेट्रोल गेलं, वेग गेला, तरी त्या मोटारीत दमणीकडे नसलेल्या दोन गोष्टी उरल्याच: हवेचे टायर आणि कमानपाटे. फोर्डच्या साध्या मोटारींत 1948 पर्यंत पाटे गाडीच्या रुंदीत आडवे बसवत, पुढे एक आणि मागे एक. धक्का चाकाला बसायचा, पाटा वाकायचा, बसणाऱ्याची कंबर वाचायची. त्या गाडीचं खरं ऐश्वर्य इंजिनात नव्हतंच.

आज पावसाळा सरला की गॅरेजांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘शॉकअप गेले.’ स्प्रिंग, बुश, लिंक रॉड, लोअर आर्म, बॉल जॉइंट, काहीही वाजत असो, नाव शॉकअपचंच. गंमत म्हणजे शॉक झेलणं हे शॉकअपचं मुख्य कामच नाही. धक्का झेलते ती स्प्रिंग. रॉबर्ट हूकने तिचा नियम 1676 मध्ये अक्षरांची सरमिसळ करून कोड्यासारखा छापला आणि दोन वर्षांनी उलगडला: जेवढा ताण, तेवढं बळ. पण स्प्रिंग धक्का पचवत नाही, उसना घेते. घेतलेला परत करते, पुन्हा घेते, पुन्हा देते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झुलत राहील.

हे झुलणं मोडायचं कसं, हे विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागलं नाही. भरलेला गुंड डोक्यावर घेतला की चालीच्या ठेक्यावर पाणी हिंदकळतं. म्हणून पाण्यावर पळसाचं पान किंवा एखादी डहाळी टाकायची. पान पाण्याचं वजन घेत नाही की धक्का अडवत नाही. ते फक्त पाण्याच्या हलण्याला घासतं आणि लाटेचा जीव काढून घेतं. शॉकअप हे मोटारीतलं पळसाचं पान. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं. गाडी वरखाली झाली की तेल त्या छिद्रांतून रेटलं जातं आणि धक्क्याची शक्ती उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावरून आल्या आल्या शॉकअपची नळी कोमट लागते ती त्यामुळेच.

वर्धा जिल्ह्यात या पानाची परीक्षा दोन तऱ्हांनी होते. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. मोटारीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलतो. बारा मीटरची लाट आणि ताशी 45 किलोमीटर वेग धरला, तर सेकंदाला जवळपास एक हेलकावा बसतो. म्हणजे झोपाळ्याला नेमक्या क्षणी झोका द्यावा तसं रस्ता गाडीला ढकलत राहतो. अशा वेळी वेग थोडा बदलला तरी डोलणं कमी होतं.

समृद्धी महामार्गावर हिशेब वेगळा. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. तो या जिल्ह्यातूनच जातो. मोटारींना वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर. अशा सिमेंटच्या रस्त्यांना साधारण साडेचार मीटरवर सांधे ठेवतात. त्यांची पातळी जराशी जरी हलली, तर या वेगात सेकंदाला सातेक ठोके बसतात, आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या थरथरीला सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला चार ते आठ ठोक्यांच्या टप्प्यात. गावरस्त्यावर मुकाट चालणारी गाडी सपाट रस्त्यावर का त्रासदायक होते, याचं एक उत्तर इथे आहे. हे बारीक ठोके गिळायला टायर आणि रबरी बुश लागतात, आणि बुश तडकलेत का हे बघायला कुणी वाकत नाही.

या विषयात नाव गाजतं ते अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याचं. त्याच्या नावाचा स्ट्रट मारुती 800 च्याही पुढच्या चाकांना होता. पण मोटारीला चालणं शिकवलं मॉरिस ऑली या इंग्रजाने, आणि त्याच्या नावाचा एक नटसुद्धा नाही! रोल्स-रॉइसमधून तो अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेला. तिथे 1932 च्या सुमारास त्याने एका मोटारीला पुढेमागे सरकवता येणारी वजनं लटकवली आणि तीत बसून मैलोन्‌मैल हिंडला. सुख मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून स्वतःची पाठच वापरली. त्याला उमगलं ते असं: पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं, मागचं क्षणभर नंतर. पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा मऊ ठेवली तर मागची बाजू तिला गाठते आणि गाडी नाक खालीवर न करता एकसंध उचलली जाते. तोवर कारखाने उलटंच करत होते.

इतक्या नाजूक जुळणीत स्वस्तातला स्प्रिंग बफर कोंबणं म्हणजे शुद्ध आडदांडपणा. वेटोळ्यांमध्ये रबर अडकवलं की तेवढी वेटोळी निकामी होतात, स्प्रिंग कडक होते, गाडी उंचावल्यासारखी दिसते. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाचा राहतो. मेलेला शॉकअप बफरने जिवंत होत नाही.

तपासणी घरीही होते. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडावा. गाडी एक-दीड झोक्यात थांबली नाही तर शॉकअप संपलाय. थांबली तरी निर्धास्त होऊ नये, कारण अर्धवट थकलेला शॉकअप ही परीक्षा पास होतो. नळीवर तेलाचा ओघळ आहे का, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजलाय का, हे बघावं. टायर रस्त्यावर नीट टेकत नसेल तर ब्रेकही उशिरा लागतो. बदलायची वेळ आली तर एका बाजूचा बदलून पैसे वाचवू नयेत. समोरचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकदम बदलावेत, आणि समोरचे बदलले की त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्यावं.