नाव कापण्याआधी



आपल्या वऱ्हाडात दसरा सरला की बोंडे फुटू लागतात, शेते पांढरी दिसू लागतात, आणि त्याच सुमारास वर्गातली बाकेही एकेक करून रिकामी होऊ लागतात. हजेरी घेताना एखाद्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडते. दहा-पंधरा दिवसांनी आपण त्या नावावर तांबडी रेघ ओढतो आणि पुढचे नाव पुकारतो. ती रेघ ओढायला क्षणभरही लागत नाही. पण तिच्यामागे एका घराचे वीस-पंचवीस वर्षांचे भवितव्य पडलेले असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

माझ्याही आले नव्हते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए. च्या पहिल्या वर्गात एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, कधी बोलायचा नाही, पण वही नीट ठेवायचा. दिवाळीनंतर तो आला नाही. मी नेमाने गैरहजेरी मांडली आणि यथाकाल नाव कापले. फाल्गुनात परतवाड्याच्या रस्त्यावर एका जिनिंगच्या फाटकापाशी तो भेटला. पाठीवर गाठोडे होते. मला पाहून ते खाली ठेवून त्याने नमस्कार केला. मी जरा रागानेच विचारले, “का रे, कॉलेज का सोडलंस?”

तो म्हणाला, “सोडलं नव्हतं सर. कापूस येचाले गेल्तो पंधरा दिवस. मंग याची लाज वाटली. आन् मले वाटलं, मी येत नाही हे तुमाले मालूमच नसन.”

मंडळी, हे शेवटचे वाक्य माझ्या मनात घर करून बसले आहे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच्या नावापुढच्या खुणा मला ठाऊक होत्या, तो ठाऊक नव्हता.

मूल शाळा सोडते म्हणजे काय होते, हे आपण नीट पाहिले पाहिजे. एखाद्या सकाळी उठून ‘आजपासून शिकायचे नाही’ असे ठरवणारी मुले फार थोडी. बहुतेकांचे शिक्षण उसवलेल्या शिवणीसारखे टाक्या-टाक्याने सुटत जाते. पहिले दोन-चार दिवस घरच्या कामात जातात. परत यावे तर मधला धडा झालेला असतो, गणित डोक्यावरून जाते. त्यात कुणी सर्वांदेखत विचारले, ‘काय राव, आज इकडे कुठे?’ की वर्ग हसतो आणि पोर खाली मान घालते. दुसऱ्या दिवशी ते घरून निघते, पण फाट्यावरच बसून राहते. एवढ्यात परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख टळते, किंवा एका दाखल्यापायी शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. मग मात्र परतीची वाट खरोखरच बंद होते. लोक म्हणतात गरिबीने शिक्षण सुटले. गरिबी खरीच, पण त्याच गरिबीतली दुसरी मुले टिकतात. असे का, हे शोधू गेले तर पुष्कळदा मधल्या एखाद्या टाक्यापाशी कुणीतरी माणूस उभा असलेला दिसतो.

असा एक माणूस खानदेशात होऊन गेला. १९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, आईच्या आठवणीने कोमेजलेली ती मुले. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, कपडे धुवून देत, आजाऱ्यापाशी बसत. आधी खोली स्वच्छ व्हायची आणि मग ती कोणी स्वच्छ केली हे मुलांना कळायचे. मग मुले आपोआप स्वच्छता राखू लागत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही चालवीत. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे हा सारा सहवास सहाएक वर्षांचा, पण त्या मुलांना तो जन्मभर पुरला. गुरुजींचे स्वतःचे शिक्षण परक्या गावी, उपासतापास काढून झाले होते. उपाशी मुलाला व्याकरण का समजत नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

तुम्ही म्हणाल, साने गुरुजी एखादेच. खरे आहे. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. मायेला व्यवस्थेची जोड दिली की ती एका माणसापुरती राहत नाही. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. पैसा अपुरा पडला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या पोटात घास घातला. आपल्या अमरावतीतही तसेच घडले. पापळसारख्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांना शिकण्यासाठी गाव सोडावे लागले होते. विलायतेतून मोठ्या पदव्या घेऊन परतल्यावर त्यांनी इथे श्रद्धानंद छात्रालय उभे केले, तिथेही सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली जागा मिळाली. श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली ती त्यानंतर, १९३२ साली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी मुलाला राहायला ठिकाण आणि पाठीवर हात, मग पुढच्या मोठमोठ्या इमारती.

जी गोष्ट या मंडळींनी अनुभवाने ओळखली, तिचाच विचार पुढे अभ्यासकांनीही केला. अमेरिकेतील व्हिन्सेंट टिंटो नावाच्या विद्वानाने १९७५ साली असे मांडले की, विद्यार्थी कॉलेजात टिकतो की नाही हे केवळ त्याच्या बुद्धीवर ठरत नाही. तिथल्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत तो किती मिसळला, यावर पुष्कळसे अवलंबून असते. शिक्षकांशी वर्गाबाहेर होणारे बोलणेही त्यात येते. आपल्या साध्या भाषेत सांगायचे तर, ‘हे ठिकाण माझे आहे’ असे ज्याला वाटते तो अडचण आली तरी चिकटून राहतो.

मेळघाटात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. धारणी-चिखलदऱ्याकडचे कोरकू मूल घरी कोरकू बोलते. शाळेत पाऊल टाकताच सारे मराठीत. गुरुजींनी पहिल्या दिवशी चार शब्द त्याच्या बोलीत बोलले, तर त्या मुलाला शाळा परकी वाटत नाही. चार शब्द शिकायला गुरुजींना फार वेळ लागत नाही.

कायद्याने आपले काम केले आहे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. पण आठवीनंतर कायद्याचे हे बोट सुटते आणि नेमके तेव्हाच मूल हाताशी येते, मुलगी लग्नाला आली असे घरच्यांना वाटू लागते. तिथे शिक्षकाने बोट धरायचे आहे.

ते कसे धरावे? मी स्वतः चुकून जे शिकलो ते सांगतो. तिसऱ्या दिवशी विचारपूस करावी. तिसाव्या दिवशी केलेली उपयोगी पडत नाही. गावातल्या दुसऱ्या मुलाजवळ निरोप द्यावा, फोन करावा, जमले तर घरी जावे. ‘का येत नाही?’ यापेक्षा ‘काय अडलं?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मूल सबब सांगते, दुसऱ्याला खरे कारण सांगते. परतलेल्या मुलाला वर्गात उभे करू नये. बुडालेला धडा समजावण्यासाठी एखादा जोडीदार नेमून द्यावा. अर्जांच्या आणि दाखल्यांच्या तारखा फळ्यावर लिहूनच थांबू नये, मागे राहणाऱ्यांना बोलावून सांगाव्या. आणि वर्गातल्या प्रत्येकाविषयी निदान एक गोष्ट आपल्याला ठाऊक असावी: गाव कोणते, एस. टी. किती वाजता सुटते, घरी कोण आहे.

एका शिक्षकामागे शंभर मुले असली तर हे सारे त्याने एकट्याने करावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कामे वाटून घ्यावी. शिवाय मायेने फी भरली जात नाही आणि बंद झालेली एस. टी. सुरू होत नाही. तिथे संस्थेने आणि सरकारने पुढे आलेच पाहिजे. पण कोणत्या मुलाची फी अडली आहे, हे आधी कुणाला तरी कळावे लागते, आणि ते शिक्षकालाच कळू शकते.

पालक मंडळी, तुम्हालाही एक विनंती. वेचणीला हात कमी पडतात हे मी जाणतो. मीही याच मातीतला. पोराला चार दिवस ठेवून घ्यावेच लागले तर शिक्षकांच्या कानावर घाला, आणि पाचव्या दिवशी त्याला स्वतः शाळेच्या दारापर्यंत पोचवा. गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. जेवणाचे ताट मोडा पण मुलाला शिकवा, या अर्थाचे ते कीर्तनात घसा फोडून सांगत. त्यांचे सांगणे अजून संपलेले नाही.

त्या मुलाला मी पुन्हा कॉलेजात आणू शकलो नाही. परीक्षेचे अर्ज केव्हाच भरून झाले होते आणि पुढच्या वर्षी तो कामासाठी दूर गेला. तेव्हापासून हजेरीपटावर तांबडी रेघ ओढण्याआधी मी त्या गावचे दुसरे कोण वर्गात आहे ते पाहतो आणि निरोप धाडतो. कधी उत्तर येते, कधी येत नाही. पण आपण येत नाही हे सरांना मालूम आहे, एवढे तरी त्या पोराला कळते.