साखरेचा धूर : आपला आणि जर्मनीचा



गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीकडे बोट दाखवून गावातली पोरं विचारतात, "एवढा धूर वर जातो, त्यानं पाऊसपाणी बिघडत नाही का?" प्रश्न रास्त आहे. पावसाच्या लहरीपणाचे चटके आपल्या बीड जिल्ह्याने पुष्कळ सोसले आहेत. म्हणून या अंकात आम्ही आपल्या साखरेच्या धुराची जर्मनीतील साखरेच्या धुराशी तुलना करीत आहोत.

जर्मनीत साखर बिटापासून काढतात. ऊस काय नि बीट काय, दोन्हींत सत्तर टक्क्यांच्या वर पाणीच. रस काढायचा, स्वच्छ करायचा आणि पाणी आटवायचे, हे कारखान्याचे मुख्य काम. आटवायला वाफ लागते आणि वाफेला जळण.

खरा फरक जळणात आहे. १०० किलो उसातून सुमारे २८ ते ३० किलो ओला बगॅस निघतो. एक किलो बगॅसवर साधारण दोन किलो वाफ होते. जुन्या पद्धतीच्या कारखान्याला १०० किलो उसामागे ५० किलोंच्या आसपास वाफ लागते. म्हणजे जळण घरचेच, वर थोडे उरते. बिटाचा चोथा मात्र बहुतांशी जनावरांच्या खाद्याला जातो. त्यामुळे तिथे बॉयलरला गॅस नाहीतर कोळसा विकत आणावा लागतो.

कुणी म्हणेल, धूर तो धूर, त्यात भेद कसला? भेद आहे. बगॅसमधला कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढचा ऊस तो पुन्हा घेतो. ही उसनवारीची परतफेड झाली. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो एक किलो जाळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत नव्याने भर घालतो. २००५ पासून युरोपातील मोठ्या कारखान्यांना अशा धुराचा टनावारी हिशेब द्यावा लागतो.

मग आपण पाठ थोपटून घ्यायची का? जरा थांबा. जळण विकतचे असल्याने तिकडचे कारखाने एकच वाफ पुन्हा पुन्हा वापरतात आणि आपल्या साधारण निम्म्या वाफेत काम भागवतात. आपणही वाफ वाचवली, तर उरलेल्या बगॅसवर सहवीजनिर्मिती वाढते आणि तेवढी कोळशाची वीज वाचते.

दुसरी गोष्ट फडातली. जर्मनीतले बीट बव्हंशी पावसावर येते. आपला ऊस मोटारीवर. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला चार ते पाच युनिट खाते. आपली बरीचशी वीज परळीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तरी तासाला तीन किलो झाला. शिवाय युरियाचा बेसुमार वापर झाला की जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो. वजनाला वजन धरता तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. खत जर्मन शेतकरीही घालतोच, पण म्हणून आपली जबाबदारी टळत नाही.

आणि पाचट! ऊस तुटला की काडी लावायची, ही जुनी खोड. त्या धुरात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही असतात, म्हणजे ही नुसती परतफेड राहत नाही. शिवाय नत्र आणि सेंद्रिय कर्ब जळून जातो तो वेगळाच. तेच पाचट सरीत ठेवून कुजवले, तर खोडव्याची ओल टिकते, पाळ्या लांबतात आणि मोटार कमी चालते. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की या ओलीचे मोल कळते.

तेव्हा सभासदांना विनंती : पाचट जाळू नका, जमेल त्याने ठिबक करा, माती तपासून युरिया हप्त्याहप्त्याने द्या. चिमणीचा हिशेब कारखान्याने ठेवावा, फडाचा आपण सर्वांनी. जर्मनीपुढे आपली बाजू उजवी आहे, पण ती फडात घालवायची की राखायची, हे आपल्याच हाती आहे.

जय सहकार!