झाशीवरील बाष्पाची मोजणी आणि वीस अंशांची कक्षा

वातावरणाचे मापन करणाऱ्या उपग्रहावर कोणती उपकरणे असावीत, या प्रश्नाइतकाच तो कोणत्या कक्षेत फिरावा हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो) आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांचा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोटा येथून ८६७ किलोमीटर उंचीवर सोडण्यात आला. या उंचीपेक्षाही त्याच्या कक्षेचा कोन अधिक विचारपूर्वक निवडलेला होता.

ध्रुवीय कक्षेतील हवामान उपग्रह सहसा एखाद्या ठिकाणावरून दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी जातो. मोसमी पावसाचे ढग मात्र काही तासांत उभे राहतात आणि विरतातही. सुमारे ३६,००० किलोमीटरवरील भूस्थिर उपग्रह सतत पाहू शकतो. पण ढगाच्या आतील पाणी टिपणाऱ्या सूक्ष्मलहरी एवढ्या दुरून बारकाईने मोजण्यासाठी अवाढव्य अँटेना लागेल. म्हणून विषुववृत्ताशी केवळ २० अंशांचा कोन करणारी कक्षा ठरविण्यात आली. साधारण १०२ मिनिटांत एक फेरी पूर्ण होत असल्याने उष्ण कटिबंधातील अनेक ठिकाणे दिवसातून अनेकदा पाहता येऊ लागली. शिवाय निरीक्षणाची स्थानिक वेळ रोज थोडी सरकत असल्याने सुमारे ५१ दिवसांत दिवसाचे सर्व प्रहर तपासले जात.

झाशी सुमारे २५.४ उत्तर अक्षांशावर आहे. उपग्रह मात्र नाशिकच्या अक्षांशापर्यंत येऊन पुन्हा दक्षिणेकडे वळत असे. म्हणजे तो झाशीच्या माथ्यावरून कधीच गेला नाही. तरीही तेथील हवेतील बाष्प त्याला मोजता येत होते, कारण ‘सफिर’ या उपकरणाच्या निरीक्षणाचा पट्टा सुमारे १,७०० किलोमीटर रुंद होता. झाशीचे अंतर उपग्रहाच्या उत्तर टोकापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. पावसाच्या मोजक्या सरींवर खरीप अवलंबून असलेल्या बुंदेलखंडासाठी हा पट्टा मोलाचा होता. काश्मीर मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. वारंवार निरीक्षणाची ती किंमत होती.

पाऊस मोजणारे ‘मद्रास’ हे उपकरण यांत्रिक बिघाडामुळे २०१३ च्या प्रारंभीच बंद पडले. ‘सफिर’ने पुढेही आर्द्रतेची माहिती पुरविली. तीन वर्षांसाठी आखलेल्या या मोहिमेचा उपयोग २०२१ पर्यंत झाला. इतक्या उंचीवरील निकामी उपग्रह शंभराहून अधिक वर्षे फिरत राहिला असता. त्यामुळे उरलेले इंधन वापरून कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि ७ मार्च २०२३ रोजी प्रशांत महासागरावर त्याचा नियंत्रित शेवट करण्यात आला.