सहावा मणी

आज दागिन्यांविषयी बोलू या. हाताशी सुईदोरा आणि चार मणी असले तर जवळ घेऊन बसा.

आपले जुने दागिने आठवा. बोरमाळ, जोंधळी पोत, बकुळहार. बोरं, जोंधळ्याचे दाणे, बकुळीची फुलं. शेतात आणि रानात जे दिसलं तेच अंगावर आलं. आता शास्त्रज्ञांना डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक गोष्टींचे आकार कळतात, म्हणून त्यांचेही दागिने होतात. पीळ दिलेल्या शिडीसारख्या डीएनएची कानातली मिळतात. कॅफिन म्हणजे चहाकॉफीतली तरतरी, त्याच्या रेणूचं चांदीचं पदक मिळतं. बाळंतपणात कळा आणणारं आणि अंगावरचं दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन, त्याचंही पदक मिळतं. रेणू म्हणजे पदार्थाचा अगदी बारीक कण.

ही हौस तशी जुनी आहे. १९५१ साली लंडनमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ नावाचा मोठा उत्सव भरला होता. स्फटिकांच्या आतल्या रचनेची नक्षी कापडावर घ्यावी, असं हेलन मेगॉ या शास्त्रज्ञ बाईंनी सुचवलं होतं. मग इन्शुलिन आणि हिमोग्लोबिन यांच्या आराखड्यांवरून कापड, लेस, भिंतीचे कागद तयार झाले.

हिमोग्लोबिन हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. दवाखान्यात रक्त तपासलं की ताई सांगतात, ‘तुमचं हिमोग्लोबिन नऊ आहे.’ रक्ताला लाल रंग देणारं आणि श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवणारं ते हेच. त्याची घडण पाहिली तर ती माळच आहे. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या मण्यांतून ओवली जातात. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार माळा एकमेकींत गुंतलेल्या असतात, दोन १४१ मण्यांच्या आणि दोन १४६ मण्यांच्या.

आता १४६ मण्यांच्या माळेची सुरुवात ओवू या. आठच मणी घ्या. रंग आपण आपले ठरवलेत, क्रम मात्र खरा आहे. पहिला पिवळा, तो व्हॅलिन. मग निळा हिस्टिडिन, काळा ल्युसिन, हिरवा थ्रिओनिन, पांढरा प्रोलिन. सहावा आणि सातवा दोन्ही लाल, ते ग्लुटामिक आम्ल. आठवा जांभळा लायसिन. मारा गाठ.

आता दुसरा दोरा घ्या. सगळं तसंच ओवा, फक्त सहाव्या जागी लालऐवजी पिवळा मणी घाला. दोन्ही सर शेजारी ठेवा. फरक शोधावा लागतो ना? हा दुसरा सर म्हणजे सिकलसेल. १४६ मण्यांत एकच मणी बदललाय. १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी हा फरक शोधून काढला.

एका मण्यानं एवढं काय बिघडतं? लाल मण्याची पाण्याशी मैत्री असते. पिवळा तेलासारखा, पाण्यापासून दूर पळणारा. हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की हा पिवळा मणी शेजारच्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो. असं करत लांब ताठ दोऱ्या तयार होतात आणि मऊ गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं आणि सांधे असह्य दुखतात, लहान बाळांचे हातपाय सुजतात. या पेशी लवकर फुटतातही. त्यामुळे रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात. हा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेहून वेगळा आहे, नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी तो जात नाही.

ही माळ कशी ओवायची ते डीएनएवर लिहिलेलं असतं. त्याच्या दोन चिठ्ठ्या आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच चिठ्ठी चुकीची असेल तर त्या माणसाला वाहक म्हणतात. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन्ही चुकीच्या असल्या तर आजार. नवराबायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निरोगी मुलाची. म्हणजे हा आजार मुलाला होतो तेव्हा एक चिठ्ठी आईकडून आलेली असते आणि एक बापाकडून. तरीही बोल कुणाला लागतो? सुनेला. ‘हिच्या माहेरचं दुखणं’, ‘कुणाची तरी करणी’. मैत्रिणींनो, दोन सर समोर ठेवून हे खोडून काढा.

आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या भागांत हा आजार बराच आढळतो. त्यात कुणाचा कमीपणा नाही. एक चुकीची चिठ्ठी असलेल्या माणसाचा जीवघेण्या मलेरियापासून बचाव होतो. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ही चिठ्ठी टिकून राहिली.

मग करायचं काय? लग्न ठरवण्याआधी मुलामुली दोघांचं रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात आधी साधी चाचणी होते आणि गरज पडली तर इलेक्ट्रोफोरेसिस. लग्न झालं असेल तर दिवस गेल्यावर लगेच दोघांनी तपासून घ्यावं. आजार निघाला तर हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध असतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायचं. भरपूर पाणी पाजा, कडक थंडी आणि उन्हापासून जपा. ताप आला की घरी थांबू नका. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, तेव्हा तपासणी मागायला संकोच नको.

पुढच्या बैठकीला सात रंगांचे मणी घेऊन या. प्रत्येकीनं दोन सर ओवावेत आणि मनगटात घालून घरी जावं. कुणीतरी विचारेलच, ‘दोन सर सारखेच दिसतात, मग दोन कशाला?’ तेव्हा सहावा मणी दाखवा आणि सगळं सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.